दोन बोटांचं अंतर

बोहरी आळीच्या मागच्या बोळात जुझरभाई म्हणाले,
"वाइड लेन्सनं मॅक्रो?
ताई, खराट्यानं कान कोरायचा प्रकार आहे हा.
शंभरची घ्या. हातभर लांब बसा,
किड्याला पत्तासुद्धा लागणार नाही.
तरी हवीच असेल तर न्या. आठ दिवसांत परत घेईन."

बरोबरच होतं त्यांचं.
लेन्सवर कोरलंय, सोळा सेंटिमीटरवर फोकस,
पण ते मोजायचं सेन्सरपासून.
त्यातले बारा-तेरा कॅमेऱ्यात नि नळीतच खर्च.
उरतात दोन बोटं.
तेवढ्यात उजेड शिरायचा, किड्यानं थांबायचं,
आणि माझी सावली
माझ्या आधीच तिथं जाऊन बसलेली.

एक्स्टेन्शन ट्यूब लावून पाहिली.
फोकस पडला काचेच्या आतच.
स्वतःवरची धूळ लख्ख, बाकी जग गायब.
चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं नंबर काढतेय मी,
अशी नजर ओळखीची आहे.

ट्यूब काढली.
डिसेंबर, वेताळ टेकडी, खाणीच्या वरचं गवत.
मी पोटावर, कोपरांत कुसळं.
तीन नाकतोडे उडाले.
एक मुंगी लेन्सच्या कडेवरून प्रदक्षिणा घालून गेली.
कानटोपीवाले एक आजोबा थांबले,
"काय हरवलंय?"
"काही नाही."
"मग शोधताय कशाला?"

सातव्या दिवशी थंडीनं आखडलेला
खंडोबाचा किडा,
वाळल्या काडीवर, काडीच्याच रंगाचा.
मी सरकत सरकत दोन बोटांवर आले.
त्याला काचेत तो दिसला असावा.
मान तिरकी केली,
पुढचे पाय छातीशी घेतले, पळाला नाही.
मीही श्वास धरला, काचेवर वाफ नको म्हणून.

शंभरच्या लेन्समध्ये मागं नुसतं दही असतं,
हिरवट, गुळगुळीत, कुठलंही.
इथं त्याच्या कोपराखाली अख्खं कोथरूड,
क्रेन, पाण्याच्या टाक्या,
निळं प्लास्टिक बांधलेली कुणाची तरी गॅलरी,
कडेला विजेचा टॉवर, किंचित वाकलेला.
तो केवढा! आणि शहर
त्याच्या पायाशी सांडलेल्या तांदळांसारखं.

घरी येऊन फोटो बाबांना दाखवला.
खरं तर सवयीनं. त्यांच्या डोळ्यांतलं मधलं गेलंय,
पडद्याचा मधला ठिपकाच.
समोरचा माणूस म्हणजे धुरकट वाटोळं,
भोवतीच्या कडा तेवढ्या शाबूत.
याला नंबर नसतो. मीच सांगितलं होतं त्यांना,
दुकानातल्या आवाजात.
माझी आजवरची फुलपाखरं
सगळी बरोब्बर मधोमध.
बाबा "छान" म्हणायचे
आणि चहा गार करायचे.

आज त्यांनी मान तिरकी केली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ही एकशेबत्तीसची लाईन.
या टॉवरवर चढलोय मी, चौऱ्याऐंशी साली.
वाकला कधी हा?"
"वाकला नाही बाबा. या लेन्सनं कडा ओढल्या जातात."
"मग ठीक. आमचं काम सरळ होतं."
बोट काचेवरून फिरत राहिलं,
टाकी, क्रेन, निळं प्लास्टिक,
एकेक ओळखीचा सापडल्यासारखं,
आणि मध्याशी येऊन थबकलं.

"इथं काहीतरी उभं आहे."
"खंडोबाचा किडा."
"केवढा?"
मी दोन बोटं त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी मूठ मिटली.

जुझरभाईंची आठ दिवसांची मुदत होती.
आज नववा.